नमुना सतरा

गुरुवारी पाषाणची वीज जाते,
हे कक्षेत फिरणाऱ्या कशालाच माहीत नसतं.
म्हणून बुधवारी रात्रीच आम्ही निर्वात कोठी
जनरेटरवर घेतो, आणि तांबोळी
पंपाशेजारी सतरंजी टाकून झोपतो.
आवाज बदलला की उठायचं, एवढंच काम.

आत फिल्म. पॉलिमरची, केसाहून बारीक.
दाबली की व्होल्ट देते,
व्होल्ट दिले की अंग चोरते.
कुणीतरी तिला एकदा ताणून, तापवून,
जबर व्होल्टेजखाली शिकवलं
सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करून उभं राहायला.
तेवढीच तिची विद्या.

नव्वद मिनिटांत एक दिवस आणि एक रात्र.
ऊन शंभराच्या पुढे, सावली उणे शंभर,
शिवाय काही नमुन्यांना सुटा ऑक्सिजन,
एकेकटा अणू, भेटेल त्याला चावणारा.
हे सगळं सुतारवाडीच्या बसथांब्यापासून
चालत चार मिनिटांवर.

चार महिन्यांनी कोठी उघडली.
बारा बघून मी मान फिरवली,
अंग चरलेलं, दुधाळ,
राखेने घासलेल्या काचेसारखं.
सतरा लख्ख. त्याला ऑक्सिजन लागलाच नव्हता,
फक्त ऊन-सावली,
एकोणीसशे वेळा.
बिडकरबाई म्हणाल्या, हा पुढच्या फेरीला ठेवा.

मीटरच्या जबड्यात बारा धरला.
बोलला. घोगरा, पण बोलला.
सतरा धरला.
काढून पुन्हा धरला. वायर बदलली.
नखाने टिचकी मारली.
पडद्यावरची रेघ हलली म्हणा,
झुरळाने मिशी हलवावी एवढी.
आत ते एकेक करून तोंड फिरवून बसले होते,
उबेत,
कुणाशी भांडण न करता.
वर ओरखडासुद्धा नाही.

अहवालात मी लिहिलं:
रूपावरून अनुमान काढू नये.
बाईंनी ते खोडलं, तिथे आकडा घातला.
त्यांचं बरोबर होतं.

तांबोळीने विचारलं, टाकायचा का हा?
म्हटलं, राहू दे.

सतरा माझ्या ड्रॉवरमध्ये असतो,
स्टेपलर आणि पासच्या मधे.
रस्त्यावरून डंपर गेला की टेबल थरथरतं,
म्हणजे तोही थरथरत असणार.
त्याला तारा जोडलेल्या नाहीत.
काही बोलत असला
तरी मला कळायचं नाही.