कपाचा कान

इथले लोक त्याला मूठ म्हणतात.
आपण कान म्हणतो.
हे मी लाँगटनमध्ये कुणाला समजावून सांगितलेलं नाही,
पण भट्टीतून निघालेला प्रत्येक कप
मी कानाशीच धरते.
लाकडी ठोकळ्याने हलकी टिचकी:
टणकन बोलला तर डावीकडच्या फळीवर,
बद्द बोलला तर पिंपात.
आई बाजारात मडकं असंच वाजवून घ्यायची.
मला त्याचे तासाला बारा पौंड मिळतात, वर थोडी चिल्लर.

मार्चमध्ये गॅसचं बिल आलं.
मालकांनी ते दारामागच्या खिळ्याला लटकवलं,
येता-जाता सगळ्यांना दिसावं म्हणून.
महिनाभरात नवी माती आली,
कमी आचेवर भाजणारी,
शंभर अंशांची बचत, कागदावर.
तिच्यामागून आला एक यांत्रिक हात,
मिनिटाला नऊ कान चिकटवणारा.
पोरांनी त्याचं नाव नायजेल ठेवलं.
नायजेल चहाला जात नाही,
त्याची पाठ धरत नाही.
चाळीस हजार कपांची ऑर्डर. गुरुवारी ट्रक.

सोमवारी रात्री मी पहिली रांग वाजवली.
टण. बद्द. बद्द. टण. बद्द.
वरच्या सांध्यात रेघ, केसाएवढी,
दिव्याखाली धरली तरी डोळ्याला न दिसणारी.
पहिलं पिंप भरलं, दुसरं भरलं,
मग मी मोजणं सोडलं.

ऐडन प्रॉबर्टने नायजेलचा दाब बदलला,
कोन बदलला,
चिकणघोळात पाणी वाढवलं, मग कमी केलं.
मातीवाला फोनवर म्हणाला, भट्टी बघा.
भट्टीवाला म्हणाला, माती बघा.
नाच वाकडा की अंगण,
हे ठरेपर्यंत चाळीस हजार कप ताटकळले.

बुधवारी बेरिल टनिक्लिफला बोलावलं.
वय चौऱ्याहत्तर. त्यातली एकेचाळीस वर्षं कान लावण्यात गेली,
अंगठ्याला अजून तो खळगा आहे.
‘काय झालं, डक?’
इथे सगळ्यांना बदकच म्हणतात,
मालकांनासुद्धा.
तिने काही वाजवलं नाही.
एक कच्चा कान उचलून गालाला लावला,
मग कच्च्या कपाचं पोट लावलं.
‘हा सुकलाय, हा ओला.
बारीक असतो तो आधी वाळतो.
आता एक आखडणार, दुसरा त्याच्यानंतर.
माझं पहिलं लग्न असंच गेलं.’

मग पिशवीतून तिने काढल्या
अंघोळीच्या टोप्या. प्लास्टिकच्या, फुलाफुलांच्या.
कानांच्या थाळ्यांवर एकेक चढवली,
बाळंतिणीला बांधावं तशी.
संध्याकाळी ऐडन तीन दुकानं रिकामी करून आला.
पाकिटावर लिहिलं होतं, निंगबो.
ती टोपी किती समुद्र ओलांडून आली
आमचा कान ओला ठेवायला,
याचा हिशोब कुठल्याच तक्त्यात नव्हता.

ट्रक गुरुवारी आला, रिकामा गेला,
दंडाचा कागद ठेवून.
रविवारी रात्री मी वाजवत बसले:
टण. टण. टण. टण.
बद्द. बरं, एखादा असतोच.
टण. टण.

जूनमध्ये टोप्या गेल्या.
दमट हवेची काचेची पेटी आली, सेन्सरसकट.
फायलीत तिचं नाव ‘सुधारणा क्रमांक सात’.
बेरिलला मिळालं टॅक्सीचं भाडं
आणि दुय्यम मालाचा एक खोका.
ती म्हणाली, खोका जड आहे, डक, टॅक्सीत कोण ठेवणार?
मी ठेवला.

परवा सुपरमार्केटात आमचे कप दिसले,
तीन पौंडांना एक.
मी नखाने एकेक वाजवत गेले.
पहारेकरी दुरून बघत होता.
सहावा बद्द बोलला.
माझ्याच हातून सुटलेला,
कुठल्याशा रात्रीचा, पहाटे चारचा,
या कानाने ऐकून त्या कानाने सोडलेला.

तीन पौंड दिले, घरी आणला.
चहा ओतत नाही त्यात.
पेन्सिली असतात,
आणि गॅसचं बिल.