प्रिय भागधारक

कीर्तीभाई 'कोंबडी' म्हणत नाहीत.
'प्रोटीन' म्हणतात.
नवापूरला स्टेशनरोडवर त्यांचं दुकान,
पुढे साड्या, मागे डीमॅट.
चातुर्मासात कांदा बंद, बटाटा बंद,
पण स्क्रीनवर बोट ठेवून सांगतात,
"दिलवरभाई, देशाचं आता डाळीवर भागणार नाही.
प्रोटीन पकडून ठेवा."

मी पकडतोच की.
बेचाळीस दिवस भरले की रात्री अकराला ट्रक येतो,
आणि एका हातात पाच, दुसऱ्या हातात पाच
असं पाय धरून उलटं
मी प्रोटीन काट्यावर चढवतो.
पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं,
औषध कंपनीचं, डॉक्टरही कंपनीचाच.
शेड माझं, भाताचं तूस माझं, लाइटबिल माझं
आणि मरतूक.
मरतूक कायम माझी.

त्याच कंपनीचे तीस शेअर
गेल्या दिवाळीत घेतले,
रमिलाला न सांगता.
मग राहवेना, सांगितलं.
ती भांड्यांतलं पाणी बदलत होती.
"म्हणजे मालक झालास?" म्हणाली,
"मग सांग मालकाला, तिसरा पंखा बंद पडलाय."

तेव्हापासून माझ्या वहीला दोन तोंडं.
पुढून रोजची मरतूक: आठ, अकरा, सहा,
उन्हाच्या एका दुपारी चौसष्ट.
मागून रोजचा भाव.

दोंडाईच्याहून मेव्हण्याचा फोन येतो:
मार्केटात मका पडला, शंभरानं,
काल पडला त्याच्यावर अजून शंभरानं,
ट्रॅक्टर परत नेऊ का देऊन टाकू?
मी हं हं करत ऐकतो
आणि अंगठा आपला मोबाइलवर सरकतो.
हिरवं.
मका स्वस्त, खाद्य स्वस्त, कंपनी खूश.
"देऊन टाक," मी म्हणालो.
नंतर बराच वेळ तुसावर बसून राहिलो.
एक पिल्लू चपलेच्या अंगठ्याला टोचत होतं,
दाणा समजून.

तिमाहीचा निकाल लागला.
कीर्तीभाईंनी साड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून वाचला:
'संगोपन खर्चात लक्षणीय बचत.'
शेअर एका दिवसात अकरा रुपयांनी उडाला.
संगोपन म्हणजे मी.
किलोमागे चाळीस पैसे कापले होते,
ना पत्र, ना फोन,
सुपरवायझरनं बॉनेटवर कागद ठेवून सही घेतली होती.
तीस गुणिले अकरा: तीनशे तीस आले.
नऊ हजार सहाशे किलो गुणिले चाळीस पैसे:
तीन हजार आठशे चाळीस गेले.
आणि तरी, साड्यांच्या त्या वासात उभं राहून,
ज्या कुणा साहेबानं ही बचत शोधली
त्याचं मला कौतुक वाटलं.
खरंच वाटलं.
रमिलाला हे सांगितलेलं नाही.

परवा वार्षिक अहवाल आला, चकचकीत,
मुखपृष्ठावर हिरव्या गवतात एक कोंबडी.
आमच्याकडे गवत नाही,
आणि तिथवर चालत जायला
तिच्याकडे दिवस नाहीत.
आत लिहिलंय, 'प्रिय भागधारक'.
मत मागितलंय, मोबाइलवरच:
संचालकांचा पगार वाढवावा?
रमिला म्हणाली, "चाळीस पैशाचं कुठे विचारलंय बघ."
एकशे अडुसष्ट पानं उलटली.
पंख्याचंही नव्हतं.

रेंज चांगली म्हणून स्टेशनवर गेलो,
अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत असलेल्या त्या बाकावर बसलो
आणि 'नाही' दाबलं.
तीस मतं विरोधात.
लगेच आभाराचा मेसेज आला, इंग्रजीत.

रात्री अकराला ट्रक.
पिसं, धूळ, हेडलाइट,
रमिलाच्या तोंडाला बांधलेला ओढणीचा पदर.
"मरतूक बोला," सुपरवायझर ओरडला.
मी वही काढली, घाईत उलटी उघडली,
"चारशे बारा," वाचलं.
त्यानं लिहूनसुद्धा घेतलं.