रविवारची घंटा

वखार गुळाची होती, शाहूपुरीत, मागच्या बोळाला.
केतुराबाई वाकरुळकरांनी ती भाड्यानं घेतली
तेव्हा भिंती चिकट होत्या आणि पोरं तीन :
दोन नणंदेची, एक पोस्टातल्या हसाजींचा शमुवेल.
भिंती चुन्यानं तीनदा मारल्या.
मुंग्या गेल्या नाहीत.

पहिल्या दिवशी पाटीवर आलेफ काढायचं,
त्यावर बोटभर काकवी,
आणि चाटायचं.
मूळ रिवाजात मध होता म्हणे.
बाई म्हणायच्या, देवाला कोल्हापूर ठाऊक नाही होय?

मी गेलो ते फी आठ आणे म्हणून.
बाप लक्ष्मीपुरीत मिरची विकायचा. बाजार रविवारचा,
आणि ह्यांची घंटा नेमकी रविवारी!
"शनवारी सुट्टी? मारुतीचं भक्त हाईत काय ह्ये?"
बाई म्हणाल्या, आमचे आजे तेलाचा घाणा चालवायचे,
शनिवारी बैल सोडायचे.
बैलाला विसावा, मग पोराला नको?
बाप गप्प झाला. बैलाचं त्याला कळायचं.

मग तांबटाची दोन आली, चपला शिवणाऱ्यांची चार,
मोमिनांची झुलेखा.
एक पत्रा वाढला, पावसाळ्यानंतर दुसरा.
ज्या आठवड्यात बाकं आली
त्या आठवड्यात बाईंच्या हातात पाटल्या नव्हत्या.
प्रार्थनेची आम्हाला माफी होती,
तरी 'शमा इस्राएल' आम्हीही म्हणायचो डोळ्यांवर हात ठेवून,
बोटांच्या फटीतून झुलेखा बघायची,
कुणाकडं ते सांगत नाही.
उजवीकडून लिहायची इतकी सवय,
की मिरचीच्या वहीत मी
सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर केले एकदा.
गिऱ्हाईक भांडलं. बाप खूश.

पटावर नव्वद झाली त्या साली
हसाजींचं बिऱ्हाड बोटीनं गेलं. मग नणंदेचं.
डिमोनाहून शमुवेलचं कार्ड :
इथं वाळू पुष्कळ, काकवी मिळत नाही.
बाई गेल्या नाहीत.
म्हणाल्या, दोनशे पोरं घेऊन बोटीत बसू कशी?

आता खोल्या सात.
आलेफ आजोबांकडून आलेलं
असं पोर एकही नाही, तरी पहिल्या दिवशी
पाटी चाटल्याशिवाय कुणी आत येत नाही.

मागच्या महिन्यात तपासणीचे साहेब आले, शनिवारी,
कुलूप बघून परत गेले,
आणि मुख्याध्यापकांना, म्हणजे मला, कागद :
लेखी कारण द्यावे.
मी लिहिलं, बैल सोडलेत.
मग खोडून लिहिलं, पूर्वापार.
खोडलेलं वाचता येतंय अजून, असू दे.
शिक्का मारायला गेलो
तर पॅडवर मुंग्या.