लाईट बिलाच्या पाठीमागे

लाईट बिलाच्या पाठीमागे
मी तीन रकाने आखले, स्टीलच्या पट्टीनं.
उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर काढली,
रेघ वाकडी आलेली मला चालत नाही.

पहिला रकाना: बाहेरून किरण. वीस दिवस.
इथंच, बेळगावात. खानापूरहून रोज सकाळची बस.
दुसरा: तेच किरण, जोर जास्त, पाचच खेपा.
पण मशीन पुण्यात, आणि ग्रंथीत आधी
सोन्याचे तीन कण रोवायचे.
“सोनं?” रेणुका म्हणाली.
“माझ्या डोरल्यात एवढं घातलं नव्हतंसा की.”

तिसरा: बिया. तांदळाच्या दाण्याएवढ्या,
सत्तर-ऐंशी, आत पेरून ठेवायच्या. कायमच्या.
मुंबईला. एका रात्रीचं काम.
मग दोन-तीन महिने नातीला
मांडीवर फार वेळ घ्यायचं नाही.
हे शेवटचं मी रकान्यात लिहिलं नाही.
जागा होती.

डॉक्टर गदगकडचे. माझ्यासाठी मराठी बोलतात,
मी त्यांच्यासाठी कन्नड. दोघंही अडखळतो
आणि ‘बीज’ या शब्दावर भेटतो,
तो दोन्हीकडं एकच.
“गाठ अजून सीमेच्या आत आहे,” ते म्हणाले.
मला हसू आलं.
या जिल्ह्यात सीमेबद्दल एवढ्या खात्रीनं
माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

“मग तिघांत बरं कुठलं?”
त्यांनी पेन खाली ठेवलं.
“तुमच्या बाबतीत गुण तिन्हीचा जवळजवळ सारखा.
फरक त्रासात. लघवीला आग, कधी शौचाला रक्त, थकवा.
आणि ते दुसरं.”
इथं त्यांनी रेणुकाकडं बघितलं नाही.
“ते हळूहळू कमी होतं. कुणाचं राहतंही.”

ड्रॉइंगवर मापाशेजारी अधिक-उणे लिहिलेलं असतं.
तेवढ्यात बसला की जॉब पास.
इथंही अधिक-उणे आहेच,
फक्त चकात मी आहे.

परत येताना तिसऱ्या रेल्वे गेटापाशी बस थांबली.
खिडकीबाहेर बघत रेणुका म्हणाली,
“त्या दुसऱ्याचा रकाना काढू नकासा.”
मी मालगाडी मोजत राहिलो.
अठ्ठावन्न डबे, मधला एक रिकामा.

गल्लीतल्या बसवण्णेप्पांनी गेल्या साली घेतलेत किरण.
“किरण काय कळत नाही गा,” म्हणाले,
“कळतं ते पाणी. अर्धा लिटर प्यायचं
आणि धरून बसायचं.
एका बाकावर सहा-सात गडी,
कडोलीचा, निपाणीचा, बैलहोंगलचा एक मास्तर.
कुणी कुणाशी बोलत नाही. हसलं तर संपलंच.
आतनं ‘बर्री’ आलं की उठायचं, हळू,
भरली घागर उचलल्यागत.”

मी दोन दिवस त्या बाकाचाच विचार करत होतो.
पाच खेपा लवकर उरकतात.
बिया तर झोपेतच.
तरी पहिल्या रकान्याखाली पेन्सिलीनं बरोबरची खूण केली.
पोरानं फोनवर कारण विचारलं.
म्हटलं, बस थेट आहे.

आज खुणा केल्या. कमरेच्या दोन्ही अंगांना एकेक,
एक बेंबीच्या खाली. सुईनं, निळी शाई.
रोज मशीन ह्याच टिंबांवर जुळवणार,
आणि धुतली तरी जाणार नाहीत म्हणे.

रात्री रेणुकानं चष्मा लावून बघितल्या.
तिच्या हनुवटीवर तसलंच एक आहे, हिरवं,
सात वर्षांची असताना जत्रेत गोंदलेलं.
“दुखलं?”
“मुंगीएवढं.”
“मी लई रडले होते,” ती म्हणाली.
मग दिवा घालवायला उठली,
आणि परत वळून
खालचं टिंब बोटानं एकदा शोधलं.