फळी क्रमांक तीन

खानापूरच्या आमच्या कॉलेजात
जीवशास्त्राच्या खोलीत, फळी क्रमांक तीनवर
बरणीत एक पाकट आहे
आणि बरणीला टेकून, वर्तमानपत्रात दाबलेलं
कंदीलपुष्प.

पाकट सांतानमावशीच्या टोपलीतून आलं,
कारवारच्या बांगड्यांखाली दबलेलं, तळहाताएवढं पिल्लू.
पैसे नकोत म्हणाली,
खरं बर्फ परत मागितला.

फूल भरमूनं आणलं, जांबोटीच्या सड्यावरून.
वेल सापडायला तीन पावसाळे गेले.
लहानपणी गुरांमागं फिरताना
असले कंद उकरून एका दुपारीत संपवायचा तो.
"गोड लागायचे की वो मामा," म्हणाला,
आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

यंदा रजिस्टरात नवा रकाना आलाय:
संवर्धन स्थिती.
मॅडम सांगतात, मी लिहितो.

पाकटाचे डोळे पाठीवर, तोंड पोटाखाली;
जे खातं ते त्याला दिसत नाही.
शेपटीला काटा आहे.
ट्रॉलरला टोचेल एवढा नाही.

फुलाचंही जाळंच असतं म्हणे.
माशी नळीत उतरते, आतले केस खाली वळलेले,
परतीची वाट बंद.
रात्रभर तिथंच.
सकाळी केस सुकतात, फूल मान टाकतं,
माशी पराग घेऊन निघून जाते.

बरणी पुसताना मला हेच आठवतं:
दोरीच्या जाळ्याला सकाळ होत नाही.

फुलापुढं लिहिलं, संकटग्रस्त.
पाकटापुढं, माहिती अपुरी.
"ह्यातलं वाईट कुठलं?" भरमूनं विचारलं.
मॅडम चष्मा पुसत राहिल्या.
संकटग्रस्त म्हणजे कुणीतरी जाऊन मोजलं तरी.
पाकटाला मराठीत नाव आहे, कोकणीत आहे,
कानडीतलं मी उद्या शिपायाला विचारून लिहीन.
आकडा मात्र एकाही भाषेत नाही.

माझ्या नावापुढंही एक रकाना आहे, ऑफिसातल्या रजिस्टरात.
एकोणीस वर्षं तिथं 'हंगामी' लिहितात.
ते असो.

बरणीतलं पाणी दर उन्हाळ्यात बोटभर उतरतं.
मी वरून भर घालतो.
पिल्लाचं तोंड काचेला लागलेलं,
हसल्यासारखं दिसतं, हसत नाही.

आज कागद बदलायला फूल उचललं.
खाली कानडी पेपर, वर मराठी.
दोन्हींवर तपकिरी डाग, नळीच्या आकाराचा.
कानडी बाजूला
एक माशीही चिकटलेली होती.
तिला सकाळ व्हायच्या आधीच
भरमूनं फूल खुडलं होतं.