अस्तर

वूच शहरातली ही गिरणी, लाल विटांची.
आई इथे दुसऱ्या मजल्यावर
एकोणीस वर्षं मागापुढे उभी होती.
मी त्याच मजल्यावर बसून कापड करते.
माग गेले. खिडक्या त्याच, काचा दुहेरी.
आवाज म्हणाल तर कॉफीच्या मशीनचा.

यंदाच्या हिवाळ्यासाठी एक डगला केला.
अकरा आठवडे.
काठाला चांदीची जर, खांद्यांवर कोल्ह्याची लव,
पाठीवर गोठलेल्या नदीच्या भेगा,
चालताना त्यांतून निळा उजेड झिरपतो.
धावलं की फुगतो,
थांबलं की क्षणभर उशिरा थांबतो.
तो क्षणभर जमायला नऊ दिवस गेले.
वजन शून्य. ऊब शून्य.
तलवारीचा एकही वार तो अडवत नाही,
तसं नियमातच लिहिलंय:
घालणाऱ्याला कसलाही फायदा नाही.

खेळ फुकट. दार सगळ्यांना उघडं.
आत गेलं की एक राखाडी सदरा मिळतो
(तोही माझाच, एका दुपारचं काम,
मुद्दाम बेंगरूळ).

किंमत ठरली त्या बैठकीत मी कोपऱ्यात होते.
डगला चौदाशे हिऱ्यांचा, थैली हजाराची.
म्हणजे थैल्या दोन, म्हणजे सहाशे उरणार
आणि बुटातल्या खड्यासारखे टोचत राहणार.
असं कुणी म्हणालं नाही.
म्हणाले, शिल्लक असलेली बरी.
चौदा दिवस दुकानात, मग कधीच नाही.
‘कधीच नाही’ लाल अक्षरांत,
खाली पळतं घड्याळ.
कितीही काढा, न संपणारं कापड,
आणि आम्ही दहा जण
त्याची टंचाई विणत बसलो.

बहिणीचा इग्नात्सी अकरा वर्षांचा.
वर्गात त्याला ‘सदऱ्या’ म्हणतात.
खऱ्या अंगावर चांगला लोकरी कोट आहे,
त्याचं कुणाला काही नाही.
“मावशी, तूच केलायस ना? मग एक आण की.”

एक आण की.
आईने आणलं होतं.
अठ्ठ्याऐंशी साल, कापडाला रांगा.
पाळी सुटायच्या आधी मुतारीत जाऊन
सव्वादोन मीटर पांढरं पॉपलिन पोटाला गुंडाळलं,
वर झगा, वर कोट,
आणि फाटकातून पाच महिन्यांच्या पोटुशीसारखी
सावकाश चालत निघाली.
पहारेकऱ्याने टोपीला हात लावला,
“अभिनंदन, स्टेफानियाबाई.”
त्यातून ताईचा पहिल्या कम्युनियनचा फ्रॉक झाला,
उरल्यात माझ्या बाहुलीची उशी.
पहारेकरी पुढे वर्षभर बाळाची चौकशी करायचा.

फाटक अजून तेच आहे.
पहारेकरी नाही, कार्ड टेकवलं की हिरवा दिवा.
मी सपाट पोटाने बाहेर पडते.
कंबरेला गुंडाळू काय?
फाइल नेली तर नोकरी जाईल,
आणि नेलेली फाइल त्याला घालता येणार नाही,
दुकानाचा शिक्का नसला
तर डगला अंगावर चढतच नाही.

तेराव्या रात्री दोन थैल्या घेतल्या.
माझ्या पगारातून, माझ्याच डगल्यासाठी.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
अंथरूण मी विणलेलं,
आणि पाय टेकायचे पैसे वेगळे.

इग्नात्सी दोन दिवस खेळलाच नाही म्हणे,
नुसता बर्फात धावत होता,
थांबत होता, पुन्हा धावत होता.

रविवारी त्याचा फोन.
“मावशी, मी कड्यावरून पडलो. उलटा.
डगला तोंडावर आला.
आत, डाव्या काखेखाली, ठिगळ आहे.
पांढरं, साधं. चुकून राहिलं का?”

कॅमेरा तिथे जात नाही.
तपासणाऱ्यांनाही दिसलं नव्हतं.
सव्वादोन मीटर कुठलं, तळहाताएवढं,
धाग्यावर धागा, पॉपलिनची वीण.

“चुकून नाही,” मी म्हटलं.
तो गप्प झाला. मग जरा हिरमुसून,
“म्हणजे सगळ्यांच्याच आत असेल.”
“असेल.”
“त्यांना माहीत नाहीये पण.”
पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.
“थांब, पोरांना कड्यावर बोलावतो,
कसं पडायचं ते दाखवतो.”