साक्ष

लिहून घ्या, बिशपांचे कारकून,
पण आधी शाईची दौत जरा शेकोटीकडे सरकवा.
आर्देनच्या या थंडीत शाई गोठते,
आणि मग माझ्या वाक्यांना भोकं पडतात.

ओदोलार माझ्या शेजारच्या पेंढ्यावर
एकोणीस हिवाळे झोपला.
घोरायचा. हे लिहा.
पहाटेच्या घंटेआधी उठायचा तो भक्तीने नव्हे,
गुडघे ठणकायचे म्हणून.
लॅटिन त्याला शेवटपर्यंत आलं नाही.
आम्ही स्तोत्रं म्हणायचो, हा नुसते ओठ हलवायचा,
आमेन मात्र सगळ्यांच्या मागून,
गोठ्यात गाय हंबरावी तसं.

चमत्कार?
नदीपलीकडच्या महारोग्यांना तो पाव न्यायचा.
मठाच्या कोठारातून. न विचारता.
कोठाराची किल्ली माझ्या कमरेला असायची.
आता ही चोरी म्हणायची, तर दोघांची म्हणा.
एवढं खरं की हिशेबात पाव कधी कमी भरले नाहीत.
हिशेब मी लिहायचो.

नदीवरून तो चालत जायचा, लोक सांगतात ते खोटं नाही.
जानेवारीत आम्ही सगळेच जायचो. बर्फावरून.
फक्त एकदा, मार्च लागला होता,
बर्फाखाली पाणी काळं दिसायला लागलेलं,
आणि हा टोपली घेऊन निघाला.
मी काठावरून शिव्या देत राहिलो.
पायाखाली तडकत होतं, मला इकडे ऐकू येत होतं.
मधोमध थांबला, वळला,
टोपली डोक्याच्या वर धरून हसला,
पुढचे दोन दात नसलेलं हसू.
मी चिखलात गुडघे टेकले होते.
का, ते विचारू नका.

दातावरून आठवलं.
चांदीच्या पेटीत जो दात ठेवलाय,
ज्याला ओठ लावायला नामूरहून बाया अनवाणी येतात,
तो त्याचा नाही.
त्याची ठणकती दाढ मी उपटली होती, लोहाराच्या सांडशीने.
रक्त थुंकत मला म्हणाला,
"गेरविन, हात थरथरला रे तुझा. तुला लागलं का?"
दाढ मी सलगमच्या वाफ्यात भिरकावली.
पेटीतला दात बहुधा आमच्या मेलेल्या आचाऱ्याचा.
मठाधिपतींना घाई होती, छपराला शिसं हवं होतं.

हे सांगायचंच ठरवलं होतं मी.
पण मागच्या रविवारी वरच्या रानातली एक कोळसेवाली
तापाने फणफणलेलं पोर घेऊन आली.
पेटीवर तिने कपाळ टेकलं
आणि कितीतरी वेळ उचललं नाही.
मी दारापाशी होतो. तोंड उघडलं.
मिटलं.

पोर जगलं की नाही, कळलं नाही.
ती माणसं खाली फारशी उतरत नाहीत.

शेवटच्या ओळी खोडा.
किंवा राहू द्या, तुमचं तुम्ही बघा.
सलगम यंदा बरे आलेत.
निघताना दोन घेऊन जा, थांबा,
माती धुऊन देतो.